सगळे आले का?

टूरच्या छापील पत्रकात 'दिवस दुसरा : जयपूर आगमन, जंतरमंतर, सिटी पॅलेस, हवामहल, खरेदी' एवढी एकच ओळ असते. ती लिहिणाऱ्याने चाळीस मराठी माणसं बसमधून उतरवून परत चढवण्याचा हिशेब कधी केलेला नसतो. तो मी करून देतो. बसला दार एक. माणशी दहा सेकंद धरा. गुडघ्याचा पट्टा, टोपी आणि 'अहो, माझी बाटली सीटवरच राहिली' हे जमेस धरता दहा सेकंद म्हणजे माझा उदारपणाच आहे. तरी उतरायला पावणेसात मिनिटं, चढायला तेवढीच. जेवण, तीन ठिकाणं आणि दुकान असे पाच थांबे झाले की तासभर नुसता दारात जातो. शिवाय लेडीज टॉयलेट दोन आणि बायका बावीस, हा हिशेब वेगळा.

पण बसच्या आधी रेल्वे. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेली जयपूर सुपरफास्ट सुरत, बडोदा, रतलाम, कोटा करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. नेटवर एका तिकिटात सहाच नावं बसतात, आणि ज्येष्ठांचा लोअर बर्थचा कोटा एकट्यादुकट्याच्या तिकिटालाच लागतो. त्यामुळे सहासहाच्या गठ्ठ्यांत काढलेल्या तिकिटांवर पंचाहत्तरीचे काका अप्परला आणि त्यांची कॉलेजातली नात लोअरला, असा न्याय होतो. मग अदलाबदल. ती इतकी खोलवर जाते की टीसी आल्यावर नऊ जण एकदम समजावू लागतात, "हे ह्यांच्या जागेवर, ते त्यांच्या, आणि वहिनी बी-टूमध्ये." मधला बर्थ नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा. साडेआठला जांभया देणारा आणि साडेदहाला दशम्यांचा डबा सोडणारा, हे दोघं एकाच कप्प्यात येणार हे चार्ट लागायच्या आधीपासून ठरलेलं असतं.

जयपूरला उतरलं की हेडकाउंट. 'सगळे आले का?' असं टूर मॅनेजर ओरडतो आणि 'हो' असा गजर होतो. जो आलेला नाही तो 'नाही' कसा म्हणणार? अनुभवी मॅनेजर प्रत्येकाला नंबर देतो आणि रांगेने म्हणायला लावतो. तरी घोळ होतोच. सतरा नंबरचे काका बायकोचा अठराही स्वतःच म्हणून टाकतात, आणि अठरा नंबर तेव्हा फलाट क्रमांक एकवर प्याज कचोरीचा भाव विचारत असतो.

हॉटेलात चाव्या, 'आम्हाला लिफ्टजवळची', 'आम्हाला लिफ्टपासून लांबची', मग जेवण. यात तीन वाजले तर संपलंच, कारण जंतरमंतर संध्याकाळी लवकर बंद होतं आणि ऊन गेल्यावर ते पाहण्यात अर्थही नाही. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये हे शहर वसवलं तेव्हा रस्ते काटकोनात आखले, आणि पुढे वेळ मोजायला जंतरमंतरात २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र, म्हणजे भलंमोठं सावलीचं घड्याळ, बांधलं. त्यावर दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. सरबताची गाडी दिसल्यावर आमचा ग्रुप याहून सावकाश सरकतो. जयपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला असल्याने यंत्राची वेळ घड्याळापेक्षा सरासरी सत्तावीस मिनिटं मागे असते. गाईड तेवढी मिळवून दाखवतो. मॅनेजर मात्र 'चार वाजता गेटवर' म्हणाला की ग्रुप थेट यंत्राची वेळ पाळतो, म्हणजे चार सत्तावीस.

तिकिटाचंही सांगून ठेवतो. दोन दिवस चालणारं एकत्रित तिकीट आहे. त्यात जंतरमंतर, हवामहल, आमेरचा किल्ला बसतात, सिटी पॅलेस बसत नाही. हे दारात कळलं की 'पॅकेजमध्ये सगळं इन्क्लुडेड होतं ना?' यावर पंधरा मिनिटांचं अधिवेशन भरतं. आत मात्र चांदीचे ते दोन प्रचंड घट जरूर बघा. जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला निघाले, तेव्हा परक्या मुलखातलं पाणी नको म्हणून त्यांनी अशा घटांतून गंगाजल बोटीवर चढवलं. सुटकेसमध्ये मेतकूट, गोडा मसाला आणि आठ दिवसांचा चिवडा नेणाऱ्यांना याहून राजमान्य दाखला मिळायचा नाही. घटांसमोर आमच्या बायका कधी नव्हे ते गप्प उभ्या राहतात. नजरेत सरळ सरळ व्यावसायिक आदर असतो.

हवामहल शेवटी ठेवतात, आणि तिथेच फसगत होते. त्याची ९५३ झरोक्यांची दर्शनी भिंत पूर्वेला तोंड करून आहे. ऊन सकाळी पडतं, संध्याकाळी चेहरा सावलीत. आपले फोटो त्यामुळे काळवंडलेले येतात आणि दोष मोबाइलला जातो. बस समोर उभी करायला जागा नसते, म्हणून सगळे समोरच्या फुटपाथवर, पाठीशी वाहता बाजार आणि पायाशी ई-रिक्षा. 'आत जायचं दार कुठंय?' दार मागच्या बाजूला आहे, वळसा घालून जावं लागतं. हे ऐकल्यावर निम्मे 'बाहेरूनच छान दिसतो' या निष्कर्षाला येतात. वरच्या मजल्यांवर जायला बऱ्याच ठिकाणी पायऱ्या नाहीत, उतार आहे, म्हणजे गुडघेवाल्यांना जमण्यासारखं आहे. पण ही बातमी सगळे बसमध्ये बसल्यावर फुटते.

मग 'फक्त बघायला' म्हणून दुकान. एक कारागीर लाकडी ठशांनी हत्ती छापून दाखवतो. एक ठसा बाह्यरेषेचा, एक अंगाचा, एक झुलीचा. कापड द्रावणात बुडवलं की रंग पालटतो आणि बायका 'अय्या' म्हणतात. हे प्रात्यक्षिक दहा मिनिटांचं, पुढचा दीड तास रजयांचा. विक्रेता डबल बेडची रजई घडी घालघालून एवढ्याशा पिशवीत कोंबतो. ती तो कोंबू शकतो, तुम्ही नाही. पिशवी एकदा उघडली की ती रजई पुन्हा तिच्यात जात नाही, आणि सुटकेस तर चिवड्याने भरलेली. खाली घालायची सतरंजी म्हणून परतीच्या गाडीत तिचा उपयोग होतो, हे मात्र खरं.

रात्री वरण-भातावर समाधान झालं की मॅनेजर घोषणा करतो, "उद्या आमेर. पाच-सहा-सात." म्हणजे पाचला वेक-अप कॉल, सहाला नाश्ता, सातला बस सुटणार. बस पायथ्याशी थांबते, वर जीपने जायचं, त्यामुळे उशीर चालणार नाही, असं तो तीनदा बजावतो. सगळे माना डोलावतात.

मग मागून सतरा नंबर विचारतात, "सातला बसमध्ये बसायचं, की सातला खोलीतून निघायचं?"