केल्पी हा पोरांना भिववायचा बागुलबुवा नव्हता

काळ्या घोड्याचं चित्र आणि त्याखाली चार वाक्यं, असा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉटलंडच्या लोककथांतला केल्पी, म्हणजे घोड्याच्या रूपात येऊन माणसाला पाण्यात ओढून नेणारं भूत, हा आयांनी पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला रचलेला बागुलबुवा होता, तिथली सगळी जलभुतं म्हणजे या केल्पीचीच निरनिराळी नावं, सहाव्या शतकात ख्रिस्ती संत कोलंबाला लॉक नेस या तळ्यात दिसला तो हाच आणि पुढे त्या तळ्यातला ‘नेसी’ नावाचा लांब मानेचा प्राणी झाला तोही हाच, आणि स्कॉटलंडच्या फॉल्कर्क गावातले दोन प्रचंड पोलादी घोडे म्हणजे या नरभक्षकाचं स्मारक.

या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातली पहिली मला सर्वांत जास्त खटकते. ज्या माणसांनी या कथा जपल्या त्यांचं कष्टाचं जगणंच ती पुसून टाकते.

कथांमध्ये बुडतं कोण, ते आधी पाहू. रॉबर्ट बर्न्सने १७८५च्या सुमारास सैतानाला उद्देशून एक कविता लिहिली. तिच्यातले केल्पी नदीच्या उतारावर, म्हणजे पाण्यात शिरून नदी ओलांडायच्या उथळ जागी, दबा धरतात, तेही बर्फ वितळून नद्या फुगतात त्या दिवसांत, आणि रात्र पडलेल्या वाटसरूंना भुलवून मारतात. त्याच्याही आधी, १७४९-५० मध्ये, विल्यम कॉलिन्सने हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, समजुतींवर एक दीर्घ कविता लिहिली होती. तिच्यात केल्पीच्या तावडीत सापडतो तो एक बायकापोरांचा धनी. घरी बायको त्याची वाट पाहत बसलेली असते. या दोन्ही ठिकाणी मरतो तो कामावरून किंवा प्रवासातून परतणारा मोठा माणूस.

सर्वांत ठसठशीत पुरावा कोनन नदीचा आहे. ह्यू मिलर हा क्रोमार्टीचा पाथरवट, पुढे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. तरुणपणी त्याने कोननकाठी पाथरवटाचं काम केलं होतं. त्याने लिहून ठेवलेली कथा अशी. सुगीचे दिवस, भर दुपार, नदीकाठी कापणी चाललेली. नदीच्या फसव्या उतारावर केल्पी उभा राहतो आणि म्हणतो, ‘घटका आली, माणूस आला नाही.’ एवढं बोलून तो खालच्या डोहात गडप होतो. तेवढ्यात टेकडीवरून एक घोडेस्वार भरधाव त्याच उताराकडे येताना दिसतो. कापणीवरचे चार धट्टेकट्टे गडी पळत जाऊन त्याला अडवतात, काय पाहिलं आणि ऐकलं ते सांगतात. तो ऐकत नाही, घाईत असतो. मग ते त्याला घोड्यावरून खाली ओढतात आणि घटका टळेपर्यंत जवळच्या जुन्या देवळात, म्हणजे चॅपलमध्ये, कोंडून ठेवतात. वेळ टळल्यावर दार उघडून पाहतात तर तो जमिनीवर पडलेला आहे आणि त्याचं तोंड तिथल्या दगडी कुंडीतल्या पाण्यात आहे. भोवळ येऊन पडला आणि ओंजळभर पाण्यात गुदमरून मेला.

‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ हा उपदेश या कथेत कुठे बसतो? लोकांनी तर त्याला पाण्यापासून लांब नेलंच होतं. ही कथा मरणाच्या ठरलेल्या वेळेची आहे, आणि डोळ्यांसमोरचा माणूस वाचवता न आलेल्या चार जणांची आहे. थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने कोननवर पूल बांधला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तोवर हायलँड्समध्ये कित्येक ठिकाणी नदी ओलांडायची म्हणजे उतार शोधून पाण्यात शिरायचं, आणि वर डोंगरात पाऊस पडला असेल तर कालचा उतार आज जीव घ्यायचा. अशा मुलखात ही कथा मोठ्यांनी मोठ्यांना सांगितली.

तळ्यांमधला आणि खाड्यांमधला जलघोडा, गेलिक भाषेतला एख-उश्के, देखणा तरुण होऊन येतो. डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर गुरं राखणाऱ्या मुलीच्या मांडीवर तो डोकं ठेवतो. ती त्याचे केस विंचरू लागते आणि तिच्या हाताला वाळू आणि पाणशेवाळ लागतं. तो झोपेत असतानाच ती हळूच निसटते. लग्नाच्या वयाची मुलगी, ओळख नसलेला पुरुष आणि हाकेच्या अंतरावर कोणी नाही, हा या कथेचा गाभा आहे.

मॉर्फीच्या जमीनदाराची कथा तर उलट्या दिशेने जाते. तो केल्पीला लगाम घालतो आणि वाड्याच्या बांधकामाचे दगड वाहायला लावतो. सुटका झाल्यावर केल्पी शाप देतो: पाठ दुखते, हाडं दुखतात, मी जिवंत आहे तोवर मॉर्फीच्या जमीनदाराचं भलं होणार नाही. या कथेत मला वेठीला धरलेल्या मजुरांचा आवाज ऐकू येतो.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मुलांचीही एक प्रसिद्ध कथा आहे. मुलं एकामागून एक घोड्यावर चढतात, त्याची पाठ लांबत जाते, त्यांचे हात त्याच्या अंगाला चिकटतात. एक मुलगा आपलं बोट कापून वाचतो, बाकीचे पाण्यात जातात. ही कथा मुलांना नक्की सांगितली गेली असणार. पण एका कथेवरून साऱ्या परंपरेचा हेतू ठरवता येत नाही.

आता ‘सगळी एकच’ हा दावा. केल्पी बहुधा वाहत्या पाण्यातला आणि एख-उश्के तळ्यातला किंवा खाडीतला, एवढा फरक तर जुने संग्राहकही नोंदवतात. शेटलंड बेटांवरचा नगल हा जलघोडा पाणचक्कीचं चाक अडवतो आणि जळतं पीट, म्हणजे दलदलीतून काढलेलं मातीसारखं सरपण, आत टाकलं की पळतो. लुइस बेट आणि शियांट बेटं यांच्यामधल्या जोरकस प्रवाहात निळी माणसं राहतात. ती नावाड्याला कवितेच्या ओळी घालतात आणि त्याला तोडीस तोड उत्तर सुचलं नाही तर नाव बुडवतात.

ऑर्कनी बेटांवरच्या नकलावी या भुताचा तर केल्पीशी संबंध जोडणंच अवघड आहे. वॉल्टर ट्रेल डेनिसन या लोककथांच्या संग्राहकाने १८९१ मध्ये त्याचं वर्णन छापलं. घोड्याच्या पाठीतून उगवलेला माणूस आणि दोघांच्याही अंगाला कातडी नाही. तो समुद्रातून येतो आणि गोड्या पाण्याला घाबरतो, म्हणून वाहता ओढा ओलांडला की माणूस वाचतो. पिकं करपणं, रोगाच्या साथी, लांबलेला दुष्काळ हे सारं त्याच्या श्वासाने होतं. समुद्रशेवाळ जाळल्याचा धूर त्याला सहन होत नाही. काच आणि साबणासाठी लागणारी राख मिळवायला असं शेवाळ जाळण्याचा धंदा ऑर्कनीत पहिल्यांदा स्ट्रॉन्से बेटावर १७२२ मध्ये सुरू झाला, आणि त्याच रागातून नकलावीने तिथल्या घोड्यांवर जीवघेणा रोग आणला, असं लोक सांगत. नवा धंदा, त्याचा धूर आणि मरणारी जनावरं या कथेत एकत्र येतात. पोरांना भिववण्याचा प्रश्नच कुठे येतो?

कोलंबाचं पाहू. त्याचं चरित्र आयोना बेटावरच्या मठाचा प्रमुख अ‍ॅडोम्नान याने लिहिलं, तेही त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी. त्यात एक जलचर पशू आहे, पण तो लॉक नेसमध्ये नाही, नेस नदीत आहे. तो घोड्याचं रूप घेत नाही, कोणाला भुलवत नाही. पोहणाऱ्यावर धावून येतो आणि संताने क्रूसाची खूण करताच पळतो. तो प्रसंग संताचं सामर्थ्य दाखवायला आहे. आजची नेसी मे १९३३ मधल्या इन्व्हर्नेसच्या वर्तमानपत्रातल्या बातमीपासून सुरू होते. १९३४चा गाजलेला फोटो खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून काढला होता, हे १९९४ मध्ये उघड झालं. लॉक नेसकाठी जलघोड्याच्या कथा आहेत, जशा हायलँड्समधल्या इतर अनेक तळ्यांकाठी आहेत. पण त्या घोड्याचा लांब मानेच्या सरपटणाऱ्या प्राण्याशी संबंध नाही.

राहिले फॉल्कर्कचे घोडे. शिल्पकार अँडी स्कॉट यांनी नाव लोककथेतून घेतलं, एवढंच खरं. सुमारे ३० मीटर उंचीची ही शिल्पं कालव्यातल्या नावा, नांगर आणि मालाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या आठवणीसाठी आहेत. त्यांच्यासाठी नमुना म्हणून उभे राहिले ते ड्यूक आणि बॅरन नावाचे क्लाइड्सडेल या ओझं ओढणाऱ्या जातीचे दोन घोडे. फोटो पुढे पाठवायचाच असेल तर त्याखाली या दोघांची नावं लिहा.