बीपीच्या गोळीने बायपासची नळी बुजत नाही

सध्या घरोघरच्या फोनवर एक मेसेज फिरतोय: 'बायपास झालेल्यांनी बीपीच्या गोळ्या थांबवाव्यात. प्रेशर उतरलं की नव्या नळ्यांत रक्त पोचत नाही, त्या बुजतात. आणि बीपी नॉर्मल असेल तर गोळी हवीच कशाला?' परवा ओपीडीत एक काका आले. ऑपरेशनला पाच महिने झालेले. हा मेसेज वाचून त्यांनी मेटोप्रोलॉल ही बीपी आणि नाडी उतरवणारी गोळी चार दिवसांपूर्वी एकदम सोडली होती. नाडी 112, छातीवर दडपण, बाजूला काकू रडवेल्या. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

'प्रेशर कमी म्हणजे रक्त कमी.' टाकीत पाणी कमी असलं की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, ते आपण रोज बघतो, म्हणून हे पटतं. पण हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या लोखंडी पाइपासारख्या ताठ नसतात. दाब उतरला की त्या रुंदावतात, चढला की आवळतात. ढोबळमानाने सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या बीपीच्या मधला आकडा) 60 ते 140 च्या दरम्यान असेपर्यंत हृदय आपला पुरवठा असा सांभाळून घेतं. वरचं बीपी 150 वरून 125 वर आलं म्हणून ग्राफ्ट (बायपासची नवी नळी) कोरडा पडत नाही.

शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने ठोके 100 वरून 60 वर आले, तर प्रत्येक ठोक्यामागचा हा विसावा जवळपास दुप्पट होतो. स्नायूचे कष्ट कमी होतात आणि ग्राफ्टमधून रक्त वाहायला सवडही मिळते. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट.

'गोळ्यांनी ग्राफ्ट बंद पडतात.' काकांच्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत टाक्यांचा व्रण आहे. तिथली शीर काढून हृदयावर बसवली आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी 1967 मध्ये ही पद्धत रुजवली. पण ती शीर जन्मभर अगदी थोड्या दाबाखाली राहिलेली असते. महाधमनीला जोडल्यावर तिला एकदम 120 चा मारा सोसावा लागतो. पहिल्या महिन्यात ती बुजली तर बहुधा गुठळीने बुजते. पुढे वर्षभरात आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्यानंतर त्यावर कोलेस्टेरॉलचा थर बसतो. दाब चढा राहिला तर भिंतीवरचा ताण वाढतो आणि हेच सगळं लवकर घडतं. दहा वर्षांत पायाच्या शिरेचे साधारण निम्मे ग्राफ्ट बंद होतात. छातीतल्या धमनीचे मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त चालू राहतात. ग्राफ्टचे खरे शत्रू तंबाखू, मिशरी, वाढलेली साखर, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि चढं बीपी. गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन हे त्याचे राखणदार.

हाताच्या मनगटाकडची धमनी वापरली असेल तर ती आकसण्याची भीती असते. म्हणून पुष्कळ सर्जन सुरुवातीचे महिने डिल्टियाझेम किंवा ॲम्लोडिपिन देतात. या दोन्ही बीपीच्याच गोळ्या आहेत आणि इथे त्या ग्राफ्ट उघडा राहावा म्हणूनच दिलेल्या असतात!

'नॉर्मल आहे, मग कशाला?' अहो, नॉर्मल आहे ते गोळीमुळे. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल एकदम सोडल्या तर नाडी आणि बीपी उसळतं, छातीत दुखतं, क्वचित हार्ट ॲटॅकही येतो. त्या बंद करायच्याच असतील तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगते. फार खाली गेलेलं बीपी चांगलं नाही. ऑपरेशननंतर आयसीयूत म्हणूनच दाबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. कमी जोखमीच्या रुग्णांना ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यातच क्विनाप्रिल ही बीपीची गोळी सुरू करून पाहिलेला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फायदा दिसला नाही, उलट बीपी फार उतरण्यासारखे त्रास जास्त झाले. म्हणजे कुठली गोळी, कधी आणि किती, हा प्रश्न खराच आहे. उठताना चक्कर येत असेल, वरचं 100 च्या किंवा खालचं 60 च्या आत वारंवार येत असेल, तर बसून आणि उभं राहून मोजा, वहीत लिहा, आणि त्याच दिवशी फोन करा.

काकांचा ईसीजी सुदैवाने बदललेला नव्हता. तरी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, गोळी पुन्हा सुरू केली. त्यांच्या वहीत पहाटेचे आकडे कमी दिसले, म्हणून रात्रीची दुसरी गोळी अर्धी केली. मेटोप्रोलॉल आहे तशीच चालू आहे, आणि काल नाडी 68 होती.