एच-इंडेक्स फक्त ६?

आज प्रमोशनचा इंटरव्ह्यू झाला. समोर तिघं, हातात माझ्या गूगल स्कॉलरच्या पानाची प्रिंट. एकाने चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं इमेज प्रोसेसिंग करताय आणि एच-इंडेक्स फक्त ६?" बास. पेपर कशावर आहेत, काय केलंय, कुणी विचारलं नाही. फाईल टेबलावर बंदच राहिली. घरी आल्यापासून डोकं ठणकतंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

एच-इंडेक्स ६ म्हणजे माझे ६ पेपर असे आहेत की प्रत्येकाचा निदान ६ वेळा कुणीतरी संदर्भ दिलाय. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये हे काढलं आणि आता आमचं अख्खं आयुष्य त्यात मोजतात.

त्या बंद फाईलमध्ये मोडी कागदांचा पेपर होता, माझा सगळ्यात लाडका. साईटेशन, म्हणजे पेपरला मिळालेले संदर्भ, ३, त्यातलं १ आमचंच. माझी एक विद्यार्थिनी आजोबांच्या ट्रंकेतला रुमाल घेऊन आली होती, कापडात बांधलेले कागद, ओल लागून चहासारखे डाग पडलेले, मागच्या बाजूची शाई पुढे फुटलेली. मोडीत आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगतात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, म्हणजे डाग आणि रेघ एक झाले की ओळ गेलीच. आधी ओत्सूची पद्धत लावली, १९७९ ची, ती काळं कुठलं आणि पांढरं कुठलं याची अख्ख्या पानाला एकच सीमा ठरवते. डाग सगळा काळाठिक्कर. मग पानाचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकाची सीमा वेगळी काढली, तुकडा केवढा घ्यायचा यातच आमचा उन्हाळा गेला. शेवटी प्रिंट घेऊन मोडी वाचणाऱ्या काकांकडे गेलो. भिंग बाजूला ठेवलं, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले आणि म्हणाले, "बाई, कागद बोलायला लागला की हो."

आता काका मला कुठे साईट करणार?

तुम्ही सकाळपासून जे फोटो फॉरवर्ड केलेत ना, त्यातले बहुतेक नासिर अहमद यांच्या जिवावर जातात. बंगळुरूत जन्मलेला माणूस, अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचा. १९७२ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवर, म्हणजे फोटो कमी जागेत बसवायच्या गणितावर, काम करायला नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, मिळाले नाहीत, कल्पना फारच सोपी वाटली म्हणे! तरी नटराजन आणि के. आर. राव यांना घेऊन काम पुरं केलं, जानेवारी १९७४ मध्ये चार पानांचा पेपर आला. फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन लहरींत मोडायचा आणि डोळ्याला जाणवत नाही ते बारीक सोडून द्यायचं. १९९२ चं जेपेग, फोटो साठवायची ती नेहमीची पद्धत, यावरच उभं आहे. पेपर यायच्या आधी, १९७३ मध्ये, त्यांना कुणी माझ्यासारखं समोर बसवून विचारलं असतं तर या कामाचे साईटेशन शून्यच होते ना?

हां, मान्य, आकडा नसेल तर वशिला चालतो, तेही पाहिलंय. आणि ओत्सूंच्या पेपरला ढिगाने साईटेशन आहेत ते काम चांगलं आहे म्हणूनच. तेवढं सोडा.

पण इंटरव्ह्यूनंतर बाहेर एकाने काय सल्ला दिला माहितीये? "मॅडम, सात-आठ जणांचा ग्रुप करा, एकमेकांना साईट करा, दोन वर्षांत बघा कुठे पोचता." संशोधन आहे की भिशी? आणि हे तो चोरून नाही, चहा पिता पिता सगळ्यांसमोर सांगत होता, बाकीचे मान डोलवत होते. मला रडूच आलं खरंतर. ती पोर मे महिन्यात, पंखा बंद ठेवून (कागद उडतात म्हणून) एकेक पान हाताने सरळ करून स्कॅन करत होती, तिला मी काय सांगू, की यापेक्षा भिशी लाव?

आता थोडं शांत झाल्यावर वाटतं, त्या विचारणाऱ्या सरांचाही दोष नसेल, त्यांना फॉर्ममध्ये आकड्याचा रकाना भरायचा असतो, मागे अजून दहा जण बसलेले असतात. पण फाईल उघडायला किती वेळ लागतो हो? पहिल्याच पानावर लावलं होतं, डावीकडे डागाचा कागद, उजवीकडे साफ झालेला.

काकांचा संध्याकाळी फोन येऊन गेला. कुणाच्या तरी माळ्यावर अजून दोन रुमाल सापडलेत, पावसाने भिजलेले, पानं एकमेकांना चिकटलीयत. रविवारी स्कॅनर घेऊन जातेय.