ओएम५ पॅच कॉर्ड लावल्याने वेग वाढत नाही

डेटा सेंटरची कामे करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला सर्रास फिरतो आहे: ‘जुन्या ओएम३ पॅच कॉर्ड काढून ओएम५ लावा, नेटवर्कचा वेग वाढेल, १०० गिगाबिटला ओएम३ चालतच नाही, आणि मल्टिमोडमध्ये रंग जुळला की कोणतीही कॉर्ड कुठेही जोडता येते.’ यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करण्यासारखे नाही. (पॅच कॉर्ड म्हणजे उपकरणे जोडणारी फायबरची छोटी केबल; ओएम१ ते ओएम५ या मल्टिमोड, म्हणजे प्रकाश अनेक मार्गांनी नेणाऱ्या, फायबरच्या चढत्या प्रती.)

वेग ठरवतात ते लिंकच्या दोन्ही टोकांचे ट्रान्सीव्हर, म्हणजे विजेच्या संकेताचे प्रकाशात आणि प्रकाशाचे परत विजेच्या संकेतात रूपांतर करणारी मॉड्यूल. १०जीबेस-एसआर मॉड्यूल १० गिगाबिटच पाठवणार, मग मधली कॉर्ड कितीही भारी असो. फायबरच्या प्रतीवर ठरतो तो पल्ला: याच मॉड्यूलला ओएम३ वर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर मिळतात. ५० मायक्रॉनच्या गाभ्यातून, म्हणजे फायबरच्या मधल्या भागातून, प्रकाश अनेक मार्गांनी जातो आणि अंतर वाढेल तसा प्रत्येक स्पंद पसरत शेजारच्या स्पंदात मिसळू लागतो. वरच्या प्रतीच्या फायबरमध्ये हे पसरणे कमी असते, पण दोन मीटरच्या कॉर्डमध्ये ते मुळातच नगण्य असते. शिवाय भिंतीमागची लांब केबल ओएम३ असेल, तर टोकाला ओएम५चा तुकडा जोडल्याने ती ओएम५ होत नाही.

१०० गिगाबिटचे म्हणाल, तर १००जीबेस-एसआर४ हे मॉड्यूल ओएम३ वर ७० मीटरपर्यंत चालते. ओएम४ वर पल्ला १०० मीटर आहे आणि ओएम५ वरही तेवढाच, कारण एसआर४ फक्त ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरते आणि तिथे या दोन्ही फायबरची बँडविड्थ सारखीच आहे. ओएम५चा खरा लाभ एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबी पाठवणाऱ्या मॉड्यूलला होतो. १०० गिगाबिटच्या एसडब्ल्यूडीएम४ या अशाच मॉड्यूलला ओएम४ वर १०० मीटर मिळतात, ओएम५ वर १५०. अशी मॉड्यूल घ्यायची नसतील, तर जादा पैसे कशासाठी मोजायचे?

तरीही ‘आम्ही कॉर्ड बदलली आणि फरक पडला’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्यांचे निदान चुकते. एसआर४ला ओएम३ वर संपूर्ण मार्गात प्रकाशाची जेमतेम १.८ डेसिबल घट परवडते आणि त्यातले १.५ डेसिबल कनेक्टरांसाठी धरलेले असतात. फेरूलच्या (कनेक्टरमधल्या फायबर धरणाऱ्या भागाच्या) टोकावर, नेमकी गाभ्यावर, काही मायक्रॉनची धूळ किंवा बोटाचा तेलकट डाग बसला, की ही शिल्लक संपू शकते; मग पोर्टवर सीआरसी त्रुटी (डेटा बिघडून पोचल्याच्या नोंदी) वाढू लागतात, पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि वापरणाऱ्याला नेटवर्क संथ वाटते. नवी कॉर्ड पिशवीतून स्वच्छ निघते, म्हणून त्रुटी थांबतात. श्रेय मात्र ओएम५ला मिळते. जुनीच कॉर्ड स्कोपखाली (तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहून क्लीनरने पुसली असती, पोर्टच्या आतले टोकही साफ केले असते, तरी बहुधा हेच घडले असते. (डस्ट कॅप आतून स्वच्छ असतेच, असे समजू नये.)

रंगाचा भरवसा तर अगदीच कच्चा आहे. अ‍ॅक्वा रंगात ओएम३ही येते आणि ओएम४ही. नारिंगीत ६२.५ मायक्रॉनचे ओएम१ आणि ५० मायक्रॉनचे ओएम२ दोन्ही सापडतात, आणि ६२.५ मधून ५० मध्ये शिरताना कडेचा बराच प्रकाश वाया जातो. ओएम३, ओएम४ आणि ओएम५ एकमेकांना जोडायला हरकत नाही, कारण तिन्हींचा गाभा ५० मायक्रॉनचा आहे. मात्र कॉर्ड कोणती, हे तिच्या आवरणावरील छापील मजकूर वाचूनच ठरवावे.