जामिनाचा आदेश आणि तुरुंगाचं फाटक यांच्यामधले दिवस

फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांचा विषय निघाला की सगळी चर्चा एकाच प्रश्नावर अडते: कोर्ट जामीन देतं का, आणि किती लवकर देतं. प्रश्न खरा आहे. पण रोज फौजदारी कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलाला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त छळतो. आदेश झाला, घरच्यांना फोन गेला, आणि तीन आठवडे उलटले तरी माणूस आतच. आता आरोप किती गंभीर, पुरावा काय, याच्याशी त्या तीन आठवड्यांचा काही संबंध उरलेला नसतो. तो आत असतो कारण त्याच्यासाठी उभा राहील असा 'सक्षम जामीनदार' मिळत नाही.

एनसीआरबीच्या (देशातल्या गुन्ह्यांची आणि तुरुंगांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. यातल्या किती जणांच्या जामिनाचा आदेश आधीच झालेला आहे, हा आकडा दर महिन्याला जिल्हावार लोकांसमोर यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. सुधारणेची सुरुवात तिथून झाली पाहिजे.

आधी आदेशात काय लिहिलेलं असतं ते पाहू. 'आरोपीस रु. २५,००० च्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या एक सक्षम जामीनदारावर मुक्त करण्यात यावे.' हे ऐकून पंचवीस हजार आजच भरायचे आहेत असं समजून घरचे व्याजाने पैसे काढायला निघतात. खरं तर इथे कोणीच काही भरायचं नसतं. आरोपी तारखांना हजर राहिला नाही तर एवढी रक्कम मी भरीन, असं आरोपी जातमुचलक्यात आणि जामीनदार जामीनपत्रात लिहून देतो. आदेश झाल्या झाल्या कोर्टाच्या आवारातच वकिलाने ही गोष्ट घरच्यांना दोन वाक्यांत सांगितली पाहिजे. न सांगितल्यामुळे कुटुंबं कर्जात गेलेली आहेत.

आता तो जामीनदार. आधार, पॅन, रेशनकार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा. पगारदार असेल तर सॅलरी स्लिप आणि नोकरीचं ओळखपत्र, शेतकरी असेल तर सातबारा, घर असेल तर घरपट्टीची पावती. काही कोर्टांत यावर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. तो मिळवायचा तर अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मालमत्तेचं मूल्यांकन, यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यानंतर जामीनदाराने स्वतः कोर्टात हजर व्हायचं. म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा किमान एक दिवस बुडाला, आणि त्या दिवशी साहेब रजेवर असतील तर दोन.

अडतं कुठे, ते एका सातबाऱ्यावरून कळेल. आधारवर नाव रामचंद्र, सातबाऱ्यावर रामा. आजोबांच्या नावची जमीन वारसनोंदीने सात जणांच्या नावे सामाईक चढलेली, वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा. यात याचा हिस्सा किती? तो वेगळा दाखवलेलाच नाही. मग 'व्हेरिफिकेशन'साठी कागद पोलीस ठाण्याकडे जातात. तिथून अहवाल येईपर्यंत पुढची तारीख. अहवालात 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही' असं आलं, कारण शिपाई गेला तेव्हा माणूस कामावर होता, की नवा जामीनदार शोधा, पहिल्यापासून सुरुवात. जामीनदार जिल्ह्याबाहेरचा असेल तर यातलं प्रत्येक पाऊल दुप्पट लांबतं. आणि स्थलांतरित मजुराचे सख्खे नातेवाईक बाहेरचेच असणार.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार इथूनच निर्माण होतात. एकच माणूस दहा आरोपींचा जामीनदार, एकच रेशनकार्ड किंवा चक्क बनावट कागद. याला आळा बसावा म्हणून कायद्यात तरतूद आली. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४४१ अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८६: आपण आणखी कोणाकोणाचे जामीनदार आहोत हे जामीनदाराने जाहीर करायचं. अनेक कोर्टांत मूळ कागदावर शेराही मारतात. तरी धंदा थांबत नाही, कारण मागणी थांबत नाही. गरीब माणूस खरा जामीनदार आणू शकत नाही, म्हणून भाड्याचा आणतो. आरोपी पळाला की कोर्ट जामीनपत्राची रक्कम जप्त करायला निघतं आणि नोटीस त्या पत्त्यावरून परत येते. ज्या हजेरीच्या खात्रीसाठी हा सगळा खटाटोप, तीच यातून मिळत नाही. म्हणून 'जामीनदार नसेल तर आरोपी पळेल' हा युक्तिवाद मला पटत नाही. आरोपीला आयुष्यात एकदाच भेटलेला माणूस त्याला तारखेला कसा आणणार?

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखलं आहे. १९७८ च्या मोती राम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची हमी नाकारली होती, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं आणि रक्कम हजारावर आणली. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात, माणूस किती वर्षं एका ठिकाणी राहतो, काम काय करतो, कुटुंब कुठे आहे, हे बघून जातमुचलक्यावर सोडा, असं सांगितलं गेलं. कायद्यातही जामिनाची रक्कम अवाजवी असू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आता ते कलम ४८४ आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असंच धरायचं, हे कलम ४७८ चं स्पष्टीकरण सांगतं.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पायरीपायरीने काम ठरवून दिलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांना ईमेल करायचा. अधीक्षकांनी ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंद प्रणालीत जामिनाची तारीख भरायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार दिला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, अशी सूचना.

आदेश चांगला आहे. तुटतो तो माणसांच्या हातात. ई-प्रिझन्समध्ये तारीख भरलीच नाही तर सात दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. कळवलं गेलं तर सचिवांपुढे शंभर कामं असतात. आणि कोर्टाने स्वतःहून विचार करायचा म्हटलं तरी ती फाइल टेबलावर आणणार कोण? जामीन अर्ज निकाली निघालेला असतो, मूळ केसची तारीख पुढच्या महिन्यात. त्यामुळे वकिलाने अर्ज दिल्याशिवाय काही हलत नाही, आणि फीचे पैसे संपलेल्या आरोपीचा खासगी वकील आदेशानंतर बहुधा दिसत नाही. इथे विधी सेवा प्राधिकरणाच्या पूर्णवेळ बचाव वकिलांनी (लीगल एड डिफेन्स कौन्सेल, ही योजना २०२२ पासून राबवली जाते आहे) मोठा फरक पडू शकतो. त्यांच्या कामाचा हिशोब किती अर्ज केले यापेक्षा किती माणसं प्रत्यक्ष बाहेर आली यावर व्हायला हवा.

कागदातल्या चुकांबद्दल थोडं. आदेशातलं नाव, गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, हे सगळं तुरुंगातल्या वॉरंटशी तंतोतंत जुळावं लागतं. 'उर्फ' राहिलं, कलमाचं पोटकलम सुटलं, वर्ष चुकलं, की सुटका आदेश परत. गाझियाबादच्या तुरुंगात एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये जामीन दिला. आदेशात एका कलमाचं पोटकलम नव्हतं, म्हणून तो जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आत राहिला. न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला ५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला लावली. गुजरातमध्ये २०२० साली शिक्षा स्थगित झालेला एक कैदी जवळपास तीन वर्षं तुरुंगातच होता, कारण आदेशाच्या ईमेलला जोडलेली फाइल तुरुंगात उघडता आली नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला १ लाख रुपये देण्याचा आदेश केला. या दोघांची दाद लागली. जे कोर्टात पोहोचतच नाहीत, त्यांची नोंदही कुठे नाही.

म्हणून वकील मित्रांना कळकळीची विनंती: आदेश अपलोड झाला की त्याच दिवशी रिमांडच्या (कोठडीच्या आदेशाच्या) कागदाशी ताडून बघा, चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज टाका. मूळ जामीन अर्जाच्या मागणीतच 'जामीनदार मिळेपर्यंत चार ते सहा आठवडे तात्पुरती रोख रक्कम भरण्याची मुभा' मागा. उच्च न्यायालयात आणि मुंबईच्या कोर्टांत असे आदेश नेहमी होतात, तालुक्याच्या ठिकाणी कोणी मागतच नाही. रोख रकमेची तरतूद कलम ४९० मध्ये आहेच. मॅजिस्ट्रेटने लावलेली रक्कम जड असेल तर कलम ४८४ खाली सेशन्स कोर्ट ती कमी करू शकतं. रोख भरून माणूस बाहेर आला की मुदतीची तारीख मात्र डायरीत ठळक लिहून ठेवा. मुदत संपली, मुदतवाढ मागितली नाही, की वॉरंट निघतं आणि तो पुन्हा आत जातो.

सगळ्यात वाईट गोष्ट डिफॉल्ट बेलची. पोलिसांनी ६० दिवसांत, आणि दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. कलम १८७. पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा, हे २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पक्कं केलं. मुदत संपल्यावर कोर्ट उघडताच अर्ज गेला पाहिजे, कारण अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हक्क गेला. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण २००१ च्या उदय मोहनलाल आचार्य निकालानुसार, आदेशाप्रमाणे आरोपीला जामीनदार देता आला नाही आणि मधल्या काळात दोषारोपपत्र दाखल झालं, तरी तो हक्क संपतो. म्हणजे पोलीस मुदतीत काम करू शकले नाहीत, कोर्टाने हक्क मान्य केला, आणि केवळ सातबारा नसल्यामुळे आरोपीने तो गमावला. पैशावाल्या आरोपीच्या बाबतीत हे कधीच घडत नाही. निदान डिफॉल्ट बेलमध्ये तरी पहिला आदेश जातमुचलक्याचा किंवा परवडेल अशा रोख रकमेचाच असावा. यावर सर्व उच्च न्यायालयांनी परिपत्रक काढलं पाहिजे.

नव्या संहितेच्या कलम ४७९ चं कौतुक खूप झालं. आधी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं, इतरांना निम्म्यावर, आणि तसा अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टाकडे पाठवायचा. घरातल्या चोरीसारख्या सात वर्षांच्या गुन्ह्यात हा हिशोब २८ महिन्यांचा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या केसेसनाही हे लागू केलं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, ते एक वेळ समजू शकतं. पण पोटकलम २ म्हणतं, एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा अनेक केसेस प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. एका एफआयआरमध्ये तीन-चार कलमं नसतात असं किती वेळा होतं? हे पोटकलम शब्दशः लावलं तर कलम जवळपास रिकामं होतं. ते बदललं पाहिजे.

अनेक केसेस असलेल्यांची अडचण आणखी वेगळी: प्रत्येक केसला वेगळा जामीनदार. २२ ऑगस्ट २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या राज्यांतल्या केसेस असलेल्या आरोपीला एका राज्यातल्या सगळ्या केसेससाठी तेच जामीनदार चालतील असं सांगितलं. हा निकाल छापून फाइलला लावा.

पैशाचीच अडचण असेल तर केंद्राची गरीब कैद्यांना साहाय्याची योजना २०२३ पासून आहे. सुरुवातीच्या नियमांत कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड न भरता आल्याने अडकलेल्या शिक्षाबंद्यासाठी २५,००० पर्यंत मदत ठेवली होती. मंजुरी जिल्हा समिती देते. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (बेकायदा कृत्यं आणि दहशतवाद) या कायद्यांखालचे आरोपी यात बसत नाहीत.

तुमच्या ओळखीतलं कोणी जामीन होऊनही आत असेल तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना कागदावर इतकं लिहून न्या: आरोपीचं पूर्ण नाव उर्फसकट, तुरुंग, पोलीस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक आणि वर्ष, कोर्टाचं नाव, जामिनाच्या आदेशाची तारीख, त्यातली रक्कम आणि जामीनदारांची संख्या, दुसरी कुठली केस आहे का. आदेशाची प्रत ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवरून मोफत निघते. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या, कारण पुढे अटी शिथिल करण्याच्या अर्जाला तीच तारीख लावायची आहे.