रंगवलेल्या भिंती आणि रिकामी बसलेली चौथी

जून उजाडला की वर्गसजावटीचे फोटो यायला लागतात. तोरणं, पताका, थर्माकोलची झाडं, फुलपाखरांच्या पंखांवर लिहिलेली बाराखडी. कष्ट खरे असतात, बरेचदा पैसेही पदरचेच. त्याबद्दल कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत वर्ग नीट लागलाय का, हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी बाई पहिलीला अक्षरं शिकवत असताना त्याच खोलीतली चौथी काय करतेय ते बघावं. चौथी पाढे लिहीत बसली असेल, तर वर्ग अजून लागायचाय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवर पट कितीही कमी असला तरी इयत्ता चारच्या चार असतात, काही ठिकाणी पाचवीसुद्धा. ४० मिनिटांच्या तासात एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक जेमतेम १५ मिनिटं येतो. उरलेली २५ मिनिटं मूल शिक्षकाविना असतं. वर्गाची मांडामांड, साहित्य, वेळापत्रक, भिंती हे सगळं या २५ मिनिटांसाठी करायचं असतं, आणि आपण नेमकं उलट, शिक्षक समोर असतानाच्या १५ मिनिटांसाठी करतो.

आधी जोडवर्गांची, म्हणजे एका शिक्षकाने एकत्र सांभाळायच्या दोन-दोन इयत्तांची, वाटणी. बहुतेक शाळांत पहिली-दुसरी एकीकडे, तिसरी-चौथी दुसरीकडे. सोपी वाटणी आहे, पण त्यात एका शिक्षकाकडे स्वतः वाचून काम न करता येणारे दोन्ही वर्ग येतात. दोन्हीकडे सतत माणूस लागतो, आणि माणूस एकच. माझ्या मते पहिली-चौथी आणि दुसरी-तिसरी ही जोडी बरी. चौथीला लेखी सूचना वाचून काम करता येतं, म्हणून पहिलीला शिक्षक मिळतो. यातला धोकाही सांगायला हवा. चौथीच्या हुशार मुलीला पहिलीची ताई करून टाकायची सवय लागते आणि तिचं स्वतःचं गणित मागे पडतं. हे ताईचं काम दिवसातून १० मिनिटंच द्यावं, तेही दर आठवड्याला मूल बदलून. वाचनाच्या तासाला मात्र इयत्ता विसरून पोरं स्तराप्रमाणे बसवावीत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तिसरीतलं अक्षर स्तरावरचं मूल पहिलीच्या पोरांसोबत बसलं तर पहिले दोन दिवस लाजतं. ते टाळायला गटांना इयत्तेची नावं न देता फुलांची किंवा नद्यांची द्यायची.

बैठक पाठीला पाठ. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे, पहिली एकीकडे तोंड करून, चौथी दुसरीकडे, मधे तीन-चार फुटांची वाट. दोन्ही वर्ग एकाच फळ्याकडे तोंड करून बसले की चौथी पहिलीचा पाठ ऐकत बसते आणि फळ्याची मधली रेघ रोज सरकते. शिक्षकाची खुर्ची मधल्या वाटेच्या टोकाला, भिंतीशी. खरं तर तिथे खुर्चीपेक्षा पाट बरा. बसकरपट्टीवरच्या मुलाची वही बघायला दर वेळी कमरेतून वाकावं लागत नाही.

तास सुरू करायची रीत ठरलेली असावी. पहिली ३ मिनिटं चौथीची: काम द्यायचं आणि एक उदाहरण सगळ्यांसमोर सोडवून घ्यायचं. मग पहिलीला १५ मिनिटं. मग तळफळ्यावर (भिंतीच्या खालच्या भागात मुलांना लिहायला रंगवलेल्या फळ्यावर) काम देऊन तिला तिकडे वळवायचं आणि १५ मिनिटं चौथीला. शेवटची ५-७ मिनिटं दोन्हीकडची कामं बघायला. गाडी बिघडते ती पहिल्या ३ मिनिटांत. उदाहरण न सोडवता नुसतं ‘पान ३४ वरचं करा’ म्हटलं की पाचव्या मिनिटाला पहिला हात वर येतो, सातव्याला तिघं उठून येतात, आणि पहिलीचा पाठ तिथेच तुटतो.

स्वतः करायचं काम कसं असावं, यावर प्रशिक्षणात फार कमी बोललं जातं. काम नव्या प्रकारचं नको. प्रकार ओळखीचा, आकडे किंवा शब्द नवे. ते किमान १५ मिनिटं पुरायला हवं. उत्तर मुलाला स्वतः तपासता यायला हवं, म्हणजे कार्डाच्या मागे उत्तर हवं. पोरं आधी उलटून बघतात, बघू देत. उत्तर बघून उलटी रीत शोधणं हेही गणितच आहे. आणि लवकर संपवणाऱ्याला पुढे काय करायचं ते विचारावं लागू नये. फळ्याच्या कोपऱ्यात ‘झालं? मग…’ असं लिहून खाली तीन कामं कायम ठेवायची: वाचनकोपऱ्यातलं पुस्तक, कोडं, आजच्या पाच शब्दांची वाक्यं. अडलं तर आधी शेजाऱ्याला, मग गटप्रमुखाला, मग बाईंना किंवा सरांना. हा क्रम पोरांच्या अंगवळणी पडेपर्यंत पहिले दोन-तीन आठवडे शिकवणं थोडं मागे पडलं तरी पडू द्यावं.

चौथीसाठी रोजचं एक फुकटचं काम पोषण आहारातच आहे. प्राथमिकला धान्य माणशी १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. आजची उपस्थिती १९, तर तांदूळ किती? १ किलो ९०० ग्रॅम. डाळ ३८० ग्रॅम, तेल ९५ ग्रॅम. रोज आकडा बदलतो, म्हणून नक्कल करता येत नाही. दोन मुलांनी वेगवेगळं काढायचं आणि जुळवायचं. महिन्याच्या शेवटी शिल्लक साठ्याची वजाबाकीही तीच पोरं करतात. (नोंदवहीत लिहायचं काम शिक्षकाचंच, ते पोरांवर ढकलू नये.)

आता तळफळा. शाळेत एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो यावर करावा. जमिनीपासून साधारण अडीच-तीन फुटांपर्यंत भिंतीला काळा पट्टा आणि त्यावर उभ्या रेघांनी दर मुलाला पावणेदोन ते दोन फुटांचं घर. १२ मुलांना २४ फूट भिंत पुरते. पाटीवर मूल काय लिहितं हे बघायला एकेकाजवळ जावं लागतं. तळफळ्यावर १२ जणांचं लिखाण खोलीच्या मध्यावरून एका नजरेत दिसतं, कोण चार उलटा काढतंय तेही. दुसऱ्या वर्गाला शिकवता शिकवता लक्ष ठेवता येतं ते यामुळे.

तो खराब होतो त्याची कारणंही ठरलेली. जुन्या ऑइलपेंटवर थेट काळा रंग मारला की पापुद्रे सुटतात. आधी पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवायची, धूळ पुसायची, मग फळ्याच्या रंगाचे दोन हात, मधे एक दिवस वाळू द्यायचं. वाळल्यावर लगेच लिहायचं नाही. खडू आडवा धरून सगळा पट्टा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. हे टाळलं तर पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं भुतासारखी महिनोन्महिने दिसत राहतात. स्वस्त म्हणून साधा काळा ऑइलपेंट वापरला तर त्यावर खडू घसरतो. खिडकीच्या बरोबर समोरची भिंत घेऊ नये, दुपारी चमक मारते. आणि कोकणात, घाटमाथ्यावर पावसाची बाजू असलेली भिंत तर अजिबात नको. ओल आली की रंग फुगतो. तिथे खोलीच्या मधली आतली भिंत निवडावी.

तक्ते उंचावर लावायची आपली जुनी खोड. सहा वर्षांचं मूल उभं राहिलं तर साडेतीन फुटांच्या आसपास, बसलं की डोळे दोन फुटांवर. बाराखडीचा तक्ता मात्र दरवाजाच्या चौकटीवर, कारण तिथे फाटत नाही. फाटला तर फाटू द्या, बोट लागल्याशिवाय तक्ता वाचला जात नाही. तक्त्याची वरची कड मुलाच्या हाताला पोचेल इतकीच उंची ठेवायची आणि एका वेळी चार-पाचच लावायचे, बाकीचे गुंडाळून कपाटात. महिनाभर सगळेच टांगलेले राहिले की ते भिंतीचाच भाग होतात, कुणी बघत नाही.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांतलं, पोरांनी स्वतः शिकण्याचं काम गाजलं आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर राज्यभरच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. बघायला गेलेल्यांनी रंगवलेली फरशी आणली. पोरं एकमेकांना कशी शिकवतात, साहित्य कुणाच्या हातात असतं, शिक्षक किती कमी बोलतो, हे आणायचं अनेक ठिकाणी राहून गेलं. फरशीवरचा रंग वर्ष-दोन वर्षांत पावलांनी उडतो, आणि मग आपण तो पुन्हा रंगवायला पैसे शोधतो.

साहित्य थोडं आणि भरपूर वापरलं जाणारं हवं. गणिताला चार मुलांच्या गटामागे १०० काड्या आणि १० रबरबँड पुरतात. आइस्क्रीमच्या काड्या बऱ्या. खराट्याच्या घेतल्या तर चार बोटं लांब कापून टोकं घासायची, नाहीतर टोचतात. बाजारातली रबरबँड एप्रिलच्या उन्हात चिकटून तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप कितीतरी जास्त टिकतात. दहाचा गठ्ठा मुलाने स्वतः बांधायचा. आधीच बांधलेले गठ्ठे दिले की दशक म्हणजे ‘जाड काडी’ एवढंच त्याला कळतं, आणि हातच्याच्या वजाबाकीला गठ्ठा सोडायची वेळ आली की ते अडतं. चिंचोके वापरायचे तर धुऊन, वाळवून, हलके भाजून घ्यावेत, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर डब्यात कीड सापडते. पहिलीला लहान मणी, वाटाणे देऊ नयेत, नाकात जातात.

शब्दकार्डांना लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू उत्तम. कागद जाड, मिळतात गावभर. अक्षर दीड-दोन इंच उंच, जाड काळ्या मार्करने. चकचकीत कागदावर शाई पसरते, तिथे पांढरा कागद चिकटवावा. घोळ होतो तो संच मिसळण्यात. म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे, एकाच कोपऱ्यात, संचाची खूण: लाल त्रिकोण, निळा गोल. जमिनीवर सापडलेलं कार्ड पहिलीचं मूलसुद्धा बरोबर डब्यात टाकतं. ही कार्डं क्रमाने लावलेली असली की ऊसतोडीहून आई-बापांबरोबर परत आलेल्या पोरालाही उपयोग होतो. वर्ग पुढे गेलेला असला तरी ते जिथे थांबलं होतं तिथून त्याला पुढे नेता येतं.

पेन्सिलींवर तासातली किती मिनिटं जातात हे घड्याळ लावून बघण्यासारखं आहे. उपाय साधा: दोन डबे, एकात टोक केलेल्या दहा पेन्सिली, दुसऱ्यात बोथट. मोडली की बदलून घ्यायची, तासाला गिरमीट काढायचं नाही. शाळा सुटताना पाळीचं मूल टोकं करून ठेवतं. डब्यावर आकडा लिहिलेला असावा आणि सुटताना मोजणी व्हावी. पहिल्या आठवड्यात तीन-चार जातील, ते गृहीतच धरावं.

वह्या तपासण्याबद्दल वाद होईल, होऊ दे. २५ मुलं, प्रत्येकी तीन वह्या, वहीला एक मिनिट धरलं तरी सव्वा तास. एवढा वेळ कुणाकडे नसतो, म्हणून बरोबरची खूण आणि सही एवढंच होतं. त्यापेक्षा रोज पाच मुलं, मूल शेजारी बसवून, एकाच प्रकारची चूक बघून. आज फक्त ऱ्हस्व-दीर्घ, उद्या फक्त हातचा. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो, शनिवार मोकळा. त्याच वेळी प्रत्येक मुलाच्या प्रगतीची शब्दांत लिहायची वर्णनात्मक नोंदही उरकते: २५ चौकोनांचा एक कागद, प्रत्येक चौकोनात नाव, तारीख आणि एक ओळ. ‘दशक सोडून वजाबाकी जमली, शून्य आलं की अडते.’ अशा ओळी असल्या की सत्राअखेरीस नेटवरच्या तयार याद्यांमधून ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ उतरवून काढावं लागत नाही. पालकालाही त्यातून काहीतरी कळतं. चौकोन कोरा राहिलेलं मूल कोणतं, हे महिन्याने बघावं. बहुतेक वेळा ते मधल्या रांगेतलं, गप्प, ना हुशार ना मागं असं असतं.

शेवटची गोष्ट, एकट्याच्या दिवसाची पेटी. एक शिक्षक केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला, मतदार यादीच्या कामाला किंवा रजेवर गेला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता, त्यात दुपारी दोनच्या आत भरायची ऑनलाइन माहितीची लिंक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये अशैक्षणिक कामांना बंदी आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळलेल्या आहेत, तेव्हा हे दिवस येणारच. पत्र्याची एक पेटी, चार पाकिटं, प्रत्येकात तीन तासांचं काम: पहिलीला चित्र-शब्द जोड्या आणि काड्या, दुसरीला शब्दकार्डांवरून वाक्यं, तिसरी-चौथीला उतारा आणि त्यावरचे प्रश्न, शाब्दिक उदाहरणं, नकाशातलं शोधकाम. वर एक कागद, कोणत्या तासाला कोणता वर्ग तळफळ्यावर, कोणता अंगणात. जेवणानंतरच्या तासाला बसून करायचं काम ठेवू नये, पोरं पेंगतात. तिथे खेळ किंवा तळफळा. पेटी दोघांनी मिळून भरायची आणि वापरलेलं पाकीट दुसऱ्याच दिवशी बदलायचं. ते राहिलं तर पुढच्या वेळी चौथीची पोरं कागद हातात घेताच ‘बाई, हे झालंय’ म्हणून परत आणून देतात.