लॅव्हेंडर म्हणजे गुलाब नव्हे

पावसाळा सरला की बागवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'लॅव्हेंडर खालून बोडकं झालंय? मातीपासून चार बोटं ठेवून सगळं उडवा. कापल्या जागी हळद लावा, शेणखत आणि भरपूर पाणी द्या. महिन्यात दुप्पट फुटेल.' यातलं 'खालून बोडकं होतं' एवढंच खरं.

'चार बोटं ठेवून उडवा.' हा कायदा गुलाबाचा. आपल्याकडे ऑक्टोबरात गुलाब सपासप छाटतात आणि तो फुटतो, कारण त्याच्या जुन्या काडीवरही झोपलेले डोळे, म्हणजे नवा कोंब फुटायच्या जागा, असतात. लॅव्हेंडरच्या राखाडी, साल सुटलेल्या लाकडात ती धमक क्वचितच उरते. हा उद्योग मी करून बसलोय. चार वर्षांचं झाड, त्याची चार बोटांची खुंटं, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीपाशी उभा मी. दोन महिन्यांनी नखाने साल खरवडली तर आत हिरव्याचा मागमूस नाही. काडी कटकन मोडली.

मग कापायचं कुठे? पानं संपून उघडं लाकूड जिथे सुरू होतं, त्याच्या वर दोन बोटं हिरवा भाग राखून. उघड्या लाकडावर तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा फुटवा दिसलाच, तर त्याच्या जरा वर कापायला हरकत नाही. जम्मूतल्या भदरवाहकडे लॅव्हेंडरची शेती आहे; तिथे जून-जुलैत फुलांची तोड होते, तीच अर्धी छाटणी. घरीही फुलं सरली की दांडे थोड्या पानांसकट काढावेत, आणि तेही पहिल्या वर्षापासून. झाड बोडकं झाल्यावर कात्री शोधण्यात अर्थ नाही.

हळद? उदबत्तीएवढ्या काडीला कसली मलमपट्टी! कात्री स्वच्छ असावी, दिवस कोरडा असावा.

खरा घात शेवटच्या सल्ल्यात आहे. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी ओढतं. त्यात बादली ओतली की माती ओली राहते आणि मुळं कुजतात. हे भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं झाड. शेणखताने लुसलुशीत फुटवा येतो, लोळतो, फुलं मात्र कमी. बोट दोन पेरं मातीत खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं.

आणि 'दुप्पट'चं म्हणाल तर पुण्या-मुंबईत इंग्लिश लॅव्हेंडरला हवी तेवढी थंडीच मिळत नाही. छाटून फुलं येतील कशी? लॅव्हेंडरचीच दातेरी पानांची जात त्या मानाने उकाडा सोसते.

पार बोडक्या झाडाच्या शेंड्यांच्या, फुलं नसलेल्या, आठ-दहा सेंटीमीटरच्या काड्या घ्याव्यात, खालची पानं काढून वाळूमिश्रित मातीत रोवाव्यात. काड्या मुळं धरेपर्यंत जुनं झाड राहू द्यावं. माझ्या कठड्यावरची दोन रोपं अशाच काड्यांची आहेत. शेजारच्या काकूंनी तोडून दिल्या. त्यांनी तो मेसेज वाचला नव्हता.